कार्डावरची सही

आमच्या गावच्या मंगळवार पेठेत एका गृहस्थांचं जुनी नाणी आणि टपाल तिकिटं घेण्या-विकण्याचं दुकान होतं. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी ते हात धुऊन पंच्याला पुसत आणि किंमत ठरेपर्यंत अवाक्षर काढत नसत. एरवी आवाज गल्लीभर ऐकू जाई. मी शाळेत असल्यापासून जमवलेली क्रिकेटची कार्डं त्यांनी कितीदा तरी पाहिली होती.

बायकोचं बाळंतपण तोंडावर आलं, तेव्हा ती सगळी कार्डं विकायला नेली. भाव चढावा म्हणून एका नावाजलेल्या फलंदाजाच्या कार्डावर मीच त्याची सही करून ठेवली होती.

ते एकेक कार्ड भिंगाखाली धरू लागले. सहीवर भिंग थांबलं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या, पुण्याहून आलेल्या गिऱ्हाइकानं हात पुढे केला.

"हे मी घेतो. बोला, किती?"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते कार्ड माझ्या खिशात सारलं.

"ह्ये इकायचं न्हाय. आठवण हाय की ह्येंची."

बाकीच्या कार्डांचे त्यांनी चोख पैसे दिले. मग नेहमीसारखे ओरडले, "च्या घेऊन जावा की!"

मी चहा घेतला. मान वर करून त्यांच्याकडे पाहणं मात्र जमलं नाही.