कुंकू लावलेली दुनळी

लोखंडाला ओलं कुंकू लावायचं, वर झेंडूची भिजलेली माळ घालायची, ते सगळं दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहू द्यायचं आणि नळीवर तांबूस ठिपके दिसले की मलाच विचारायचं, "बंदूक गंजली कशी गं?" आमच्या सासरची ही रीत. डोकं फिरणार नाही तर काय होईल?

आमचे हे फौजेतून निवृत्त झाले आणि पारनेरला एका पतसंस्थेच्या दारात राखणीला लागले. स्वतःचा परवाना, स्वतःची दुनळी बंदूक, म्हणून ती नोकरी. ड्युटीवर बंदूक ह्यांची, पण घरी आली की तिचं सगळं माझ्या गळ्यात. ह्यांनी एकदा दाखवलं, मी शिकले. आधी मधून उघडून रिकामी आहे ना ते बघायचं. मग हाताच्या घामाचे डाग कोरड्या सुती फडक्यानं पुसायचे, सळईला चिंधी लावून नळ्या आतून साफ करायच्या आणि वरून तेलाचा पातळ हात फिरवायचा. रेक्झिनच्या देखण्या कव्हरात ठेवायची नाही, आत दमट राहतं. बंदूक भिंतीत बोल्टनं आवळलेल्या लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीत पेटीत. कपाटाची किल्ली माझ्याकडं, पेटीची ह्यांच्याकडं. एकट्याच्या मनात आलं म्हणून दोन्ही एकत्र येऊ नयेत, हा नियम ह्यांचाच.

आणि हा नियम मोडायला खंडेनवमी पुरते.

थोरले दीर त्या दिवशी सकाळीच त्यांच्या वस्तीवरून येतात, सोबत जाऊबाई. पाटावर विळा, कोयता, ट्रॅक्टरचे पाने मांडायचे आणि मधोमध आमची बंदूक. दुसऱ्या दिवशी सोनं लुटून होईपर्यंत ती हलवायची नाही. दार सताड उघडं, गावातलं कोणीही येणार, जाणार. गेल्या वर्षी मी म्हटलं, "भाऊजी, परवान्याची बंदूक अशी उघड्यावर ठेवत नसतात. पूजा झाली की पुसून आत ठेवते."

"मांडलेलं हत्यार हलवत न्हाईत," भाऊजी म्हणाले. "देवाच्या कामात कायदा काढू नको."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे झेंडूची फुलं निवडत बसले होते. बाहेर एवढा दरारा, पण दादापुढं ह्यांची दातखीळ बसते.

पूजा झाली आणि लगेच फोटो निघाले. फोटोसाठी उचललेली चालते बरं का, पुसायला उचललेली तेवढी चालत नाही. भाऊजींनी बंदूक खांद्याला लावली आणि समोर आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या जाऊबाईंच्या छातीवर रोखली. "आता बोल, लई तोंड चालतं ना तुझं," असं म्हणाले. सगळे हसले. जाऊबाईपण पदर तोंडाला लावून हसल्या. मी ओरडले, "नळी खाली करा आधी." तर म्हणे, हिला गंमत कळत न्हाई.

जेवणं झाली, पुरुष मंडळी पडवीत आडवी झाली. मला राहवेना. कुंकू नळीवर वाळून पापुद्रे धरत होतं. म्हटलं, जाऊ दे ती रीत खड्ड्यात. फडकं घेतलं, बंदूक उचलली आणि सवयीनं मधून उघडली.

आत दोन काडतुसांची पितळी बुडं चमकत होती.

काडतुसं काढून मुठीत घेतली आणि तशीच पडवीत जाऊन दोघा भावांच्या मधे उभी राहिले. भाऊजी उठून बसले. चेहऱ्यावर सुरकुतीही हलली नाही.

"मीच घातली, पूजेला बसताना. रिकामं ताट देवाफुडं ठेवतो का आपन? मग हत्यार कसं ठेवायचं रिकामं?"

"काडतुसं दिली कोणी?"

हे मान खाली घालून म्हणाले, "दादा म्हनला, पाटावर मांडायचीत. मला काय ठावं तो आत घालील."

"आन झालं का काय?" भाऊजी म्हणाले. "न्हाई ना? मग कशाला बोंब?"

चापावर त्यांचं बोट होतं. मी डोळ्यांनी बघितलं होतं. पूजेपासून ती भरलेली बंदूक फोटोंसाठी सगळ्यांच्या हातांतून फिरली होती आणि ह्या माणसाला बोंब कशाला ते कळत नव्हतं. काडतुसं मुठीत घेऊन मी तडक आत गेले. वर हे माझ्यामागं स्वयंपाकघरात आले आणि हळूच म्हणाले, "वहिनीला बोलू नको. उगा जीव घाबरा हुईल तिचा."

म्हणजे नळी जिच्यावर रोखली, तिलाच तेवढं कळू द्यायचं नाही. बाकी सगळ्यांच्या अब्रूची काळजी. मी म्हटलं, "तुमच्या दादाची अब्रू तुम्ही सांभाळा. मला नाही जमायचं." बंदूक पुसली, तेलाचा हात दिला, कपाटात ठेवली. काडतुसं पेटीत टाकली आणि पेटीची किल्लीही ह्यांच्याकडून घेतली. ह्यांनी मुकाट्यानं दिली.

जाऊबाई मागच्या अंगणात दसऱ्याचं तोरण ओवत होत्या. मी शेजारी बसले आणि सरळ सांगितलं. बंदूक भरलेली होती, दोन्ही नळ्या.

त्यांची सुई थांबली. "कुनी भरली?"

"भाऊजींनी."

मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "फोटोच्या आदी, का मागनं?"

"आधी," मी म्हटलं. "पूजेला बसतानाच."

त्यांनी अर्धवट तोरण परातीत ठेवलं, सुई दोऱ्याला नीट खोवली, हात पदराला पुसले.

"माझ्या भावाला फोन लाव," त्या म्हणाल्या. "न्यायला ये म्हनावं. आत्ताच."