रपट्यावरचा वाघ

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी सरावासाठी मला दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली शाळा मिळाली. यवतमाळहून रोज एसटीनं जायचे. पाठाच्या आराखड्यात मी विषय लिहिला होता 'दृश्य साक्षरता'. मुख्याध्यापकांनी तो कागद बराच वेळ हातात धरला.

"म्हणजे चित्रकला का?"

"नाही सर. चित्र वाचायला शिकवायचं. मोबाइलवर आलेला फोटो खरा की बनवलेला, ते ओळखायचं."

"अन् बनवते कसं, तेबी शिकवसान?"

"थोडं दाखवावं लागेल."

त्यांनी मान हलवली, पण पहिल्या तासाला स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले.

सातवीच्या वर्गात मोठा टीव्ही होता. मी शाळेतल्या हँडपंपाचा फोटो काढला, मोबाइलमधल्या एआय ॲपला काय हवं ते सांगितलं, आणि पंपाशेजारी उंट उभा राहिला. पोरं हसली. मी विचारलं, "यात खोटं काय दिसतं?" खिडकीजवळची एक मुलगी उठली. "मॅडम, त्याच्या पायाखालचं गवत दबलंच नाही." त्यानंतर कुठलंही चित्र लावलं की तिचा हात सगळ्यांच्या आधी वर असायचा. मुख्याध्यापक मात्र एकदाही हसले नाहीत. उंटाकडे नाही, माझ्या मोबाइलकडे बघत होते.

कापसाची वेचणी ऐन भरात असताना गावाच्या ग्रुपवर एक फोटो आला. नाल्यावरचा रपटा, म्हणजे पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा तो बुटका पूल, आणि त्यावर उभा असलेला वाघ. वाघ आमच्या जिल्ह्याला नवा नाही, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. वेचणीच्या बायांनी नाल्यापलीकडच्या वावरात जाणं बंद केलं. तिकडची पऱ्हाटी बोंडं फुटून पांढरीफटक उभी राहिली. वनखात्याची माणसं येऊन गेली. त्यांना ना पावलाचा ठसा मिळाला, ना आणखी काही.

बाया तरी जाईनात, आणि गाव माझ्याकडे संशयानं बघू लागलं. मी एसटीतून उतरले की चहाच्या टपरीवरचं बोलणं थांबायचं. एक बाई तर वाट अडवून म्हणाली, "तुमीच पोरायले वाघ बनवाले शिकवता म्हन्तात."

त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी माझा मोबाइल मागितला. माझ्यासमोर एकेक फोटो सरकवून पाहिला आणि मोबाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं. "सापडलं तं काहीच नाही," ते म्हणाले, "पन राहू द्या इथंच."

राग आला, पण माझ्याही मनात संशय होताच. वर्गातल्याच कोणीतरी हे केलं, असं मला वाटत होतं. आणि सारखं मन जायचं त्या खिडकीजवळच्या मुलीकडे. फोटो आल्यापासून तिचा हात एकदाही वर झाला नव्हता.

मुख्याध्यापकांना विचारून मी तो फोटो त्यांच्याच मोबाइलवरून वर्गात टीव्हीवर लावला. पोरांनी आधी पट्टे तपासले, मग शेपूट. दोन्ही ठीक होतं. शेवटी पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, त्याची सावली पाहा."

सावली लांब आणि बारीक होती. तिला दोनच पाय होते. पाठीवर गाठोड्यासारखं काहीतरी होतं. ती मुलगी बाकाकडे बघत बसली होती.

मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात थांबवलं.

"तू बनवलास का तो फोटो?"

"नाही."

"मग बोलत का नाहीस?"

तिनं आधी मागं वळून पाहिलं. "मॅडम, ते सावली माही हाये. शाळा सुरू झाली तवा काकानं मले नवं दप्तर आनलं. रपट्यावर उभं करून फोटो काढला. आता मले पुसून टाकलं अन् तिथं वाघ ठेवला."

"कायले पण?" माझ्याही तोंडून तिचीच बोली निघाली.

"आमचं वावर नाल्याच्या अलीकडं हाये ना. बाया पलीकडं जाऊन राह्यल्या व्हत्या. आता साऱ्या आमच्याच वावरात येतात." मग हळूच म्हणाली, "माहं नाव नका सांगू."

"फोटो खोटा आहे, एवढंच सांगेन," मी म्हटलं.

शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांनी बायांना आणि गावातल्या चार जाणत्यांना बोलावलं. मी सावली मोठी करून दाखवली. एक म्हातारी टीव्हीला नाक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "हे तं पोर हाये कोनाचं तरी." कोणाचं, ते कोणी विचारलं नाही. पण सगळ्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली. मुलीचा काका दारात हाताची घडी घालून उभा होता. जाताना माझ्याजवळ थांबला. "लई हुशार करून राह्यल्या पोरायले तुमी, मॅडम." आवाज गोड होता. मला तो मुळीच आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी बाया नाला ओलांडून गेल्या. ती मुलगी मात्र शाळेत आली नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तिच्या घरात काय चाललं असेल, या विचारानं मला वर्गात शिकवणं सुचेना. शेवटी एका सकाळी ती आली आणि खिडकी सोडून मागच्या बाकावर बसली. मुख्याध्यापकांनी मोबाइल परत दिला. "फोटो काढाचा असन तं मले सांगून काढा," एवढंच म्हणाले.

सराव संपला त्या दिवशी मुलीची आई फाट्यावर माझी वाट बघत होती. आधी कधी बोलली नव्हती. डोईवरचा पदर नीट करत तिनं विचारलं, "मॅडम, पोरीले असं सारं दिसत राह्यलं तं तिचं पुढं कसं व्हईन? घरात कोनी तिच्याशी सरळ बोलत नाही आता."

"तुम्ही बोलता ना?"

"मी बोलतो," ती म्हणाली. "मलेबी ठावं व्हतं, ते सावली कोनाची हाये. ते दप्तर म्याच शिवून दिलं व्हतं, बंद तुटला तवा."