मांडीत रॉड आणि खाटेभोवती पाहुणे

केळीचा घड खांद्यावर घेऊन चिखलातून धावत ट्रक भरणारा माझ्यासारखा गडी सावद्यात दुसरा नव्हता, कोणालाही विचारा. मांडीचं हाड मात्र मी घरच्या अंगणात, कोरड्या फरशीवर, उभ्या मोटारसायकलवर बसून मोडून घेतलं.

गाडी जावयाची, नवीकोरी. हार घालून झाला, नारळ फुटला, तेवढ्यात मी म्हटलं, थांबा, माझा एक फोटो होऊन जाऊ द्या. पासष्टी उलटलेली, गाडी जन्मात कधी चालवलेली नाही. जावयाचा काळा चष्मा मागून घेतला, टांग टाकून बसलो, आणि जरा रुबाबदार दिसावं म्हणून गाडी सरळ केली. ती दुसऱ्या बाजूला कलली. खाली मी, वर गाडी. पोरीनं तेवढ्यात बटण दाबलेलंच होतं. फोटोत एक चाक आलंय आणि माझी एक चप्पल.

मी म्हटलं, मुरगळला असंल, हळद लावा. बायकोनं नीट पाहिलं. पाय बाहेरच्या अंगाला वळून पडलेला. ती म्हणाली, मुरगळलेला पाय आखूड होतो का कधी? मग सगळ्यांनी मिळून मला उचलून जळगावला नेलं.

तिथं कळलं, खुब्याच्या जरा खाली मांडीचं हाड मोडलंय. मी डॉक्टरांना म्हटलं, प्लास्टर घाला, घरी पडून राहीन, पडून राहायचा मला कंटाळा नाही. ते म्हणाले, तीच तर अडचण आहे. या वयात महिनोन्‌महिने पडून राहिलं की छातीत कफ धरतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्त गोठतं, आणि मग माणूस उठतच नाही. त्यापेक्षा हाडाच्या आत रॉड घालू, वरून स्क्रू बसवू आणि लगेच उभं करू. रॉड काढायचा कधी, मी विचारलं. काढायचा नाही, तो आता तुमचाच, ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावावर काहीतरी लोखंडी झालं.

ऑपरेशनला कमरेखालचं सगळं बधिर केलं, पण वरचं तोंड चालू राहिलं. मध्ये पडदा. पलीकडून ड्रिलचा आवाज, मग हातोडीची ठकठक. मी विचारलं, साहेब, दाराची चौकट बसवून राहिले का? सिस्टर म्हणाली, काका, गप पडा. तसा मी घाबरलेलो होतो. घाबरलो की मी जास्त बोलतो.

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी वॉकर घेऊन आली. म्हणाली, काका, उठा. तेवढ्यात दारात पाहुणे. आमच्या गल्लीनं क्रूझर गाडी करून माणसं आणली होती. आता तुम्हीच सांगा. लोक कामधंदा सोडून, गाडीत दाटीवाटीनं बसून आजाऱ्याला पाहायला आलेत, आणि आजारी माणूस वॉकर धरून समोर फिरतोय, बरं दिसतं का? पाहायला आलेल्या माणसाला आजारी माणूस दिसला पाहिजे. मी चादर गळ्यापर्यंत ओढली आणि डोळे अर्धे मिटले. मुलीला म्हटलं, ताई, उद्या.

उद्याला दोंडाईच्याची सोयरी मंडळी आली. परवाला जावयाकडची. सफरचंदं आली, नारळपाणी आलं, बिस्किटं आली. केळी कोणी आणली नाही, आमच्याकडं रोग्याला केळी नेणं म्हणजे तळ्याला पाणी नेणं. प्रत्येकाला पडल्याची हकीकत पहिल्यापासून सांगावी लागायची. पहिल्या खेपेला गाडी चालू होती. दुसऱ्या खेपेला समोरून ट्रक आला. बायको पायथ्याशी बसून दर वेळी शांतपणे सांगायची, स्टँडवर होती.

खरं सांगू का, पाहुण्यांचं निमित्तच होतं. पाय खाली टेकला की आतला रॉड मांडी फोडून बाहेर येईल असं मला वाटायचं. पाहुणे नसले की मी वाट पाहायचो, कोणी येतंय का.

डॉक्टर एकदा चिडले. म्हणाले, झोपूनच राहायचं होतं तर एवढं कापलं कशाला? मग बायकोला बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. ती आत आली ती माझ्याकडं न बघता बोलली.

"तुम्ही असेच राहिले तर घरी बी खाटेवरच राहशाल, म्हणतात. पोरगी सासरी. मले काही तुम्हाले उचलवत नाही."

यावर मी एक विनोद केला. ती हसली नाही. तो काय होता ते आता आठवत नाही, चांगला नसंल.

त्याच दुपारी गल्लीतले चार-पाच जण परत आलेले होते. मी नुकताच कण्हायला लागलो होतो, तेवढ्यात काठी टेकत माझी थोरली बहीण आत आली. अक्का धुळ्याला दिलेली, तिकडंच म्हातारी झाली, बोलणंही तिकडचंच, अहिराणी; ‘आले’ला ‘उनू’ आणि धुळ्याला ‘धुये’ म्हणणारी. मागच्या साली न्हाणीघरात पडून तिचीही मांडी अशीच मोडली होती, रॉडही असाच घातलेला. लिफ्ट बंद होती, म्हणून जिना चढून आली. कोणी स्टूल पुढं केलं तर म्हणाली, एवढ्या खाली मला बसवत नाही. खाट उंच होती, पण खाटेवर मी पसरलेलो.

बायकोनं तिला सगळं सांगितलं. अक्कानं माझी चादर ओढली.

"मना बी तसाच रॉड शे. तुना काय मेणना शे?"

मी हळूच म्हटलं, अक्का, पाहुणे बसलेत, त्यांच्यासमोर बरं दिसत नाही. ती सगळ्या पाहुण्यांकडं वळली.

"तुम्ही बठ्ठा याले देखाले उनात ना? मंग चालतांना देखा."

गल्लीतले लोक सरसावून बसले. आता पळायलाही पाय नव्हता. बायकोनं वॉकर आणला. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला, असं त्या मुलीनं सांगितलेलं. पाय टेकला तसा घामानं डबडबलो. रॉड काही बाहेर आला नाही. आतल्या आत कळ उठली, आणि कळेपाठोपाठ कळलं की पाय मला धरून उभा आहे. बायको दोन्ही हात पुढं करून बाजूनं चालत होती, पण हात लावत नव्हती. एकदा मी डगमगलो, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं पाहुणेच ओरडले.

दारापर्यंत गेलो. बायकोनं पदर डोळ्याला लावला आणि खिडकीकडं तोंड केलं. माझ्या एकदम अंगात आलं. वॉकर सावकाश फिरवला, छाती काढली आणि सगळ्यांना विचारलं, "पाहिलं का?"

अक्का तोवर माझ्या रिकाम्या खाटेवर बसून उशी नीट करत होती.

"देखं," ती म्हणाली. "तू दारपावत गया, मी धुयाथीन उनू. आते तठेच उभा ऱ्हाय, माले आडी पडू दे."