अनुभवाचा रकाना

माझ्या पहिल्या रेझ्युमेत लिहिलंय की मला पोहायची आवड आहे. मला पोहता येत नाही. माहेर बोरी बुद्रुक, गावाला नदी, उन्हाळ्यात भाऊ दिवसभर पाण्यात आणि मी काठावर धुणं बडवत. पण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला सरांनी फळ्यावर एक नमुना लिहून दिला आणि आम्ही तो जसाच्या तसा उतरवून घेतला. छंद : वाचन, प्रवास, पोहणे. त्या वर्षी आमचा अख्खा वर्ग कागदावर पोहत होता.

गेल्या पावसाळ्यात तो कागद मी पुन्हा बाहेर काढला. नारायणगावच्या बाजूला भाजीपाल्याची रोपं तयार करणारी एक मोठी नर्सरी आहे. तिथं शेतकऱ्यांना सल्ला देणारं माणूस पाहिजे होतं. बॉटनीची पदवी चालणार होती. रेझ्युमे आणि आधीच्या ठिकाणचं अनुभवाचं पत्र महिनाअखेरपर्यंत द्यायचं होतं. जाहिरात नवऱ्यानं मोबाईलवर दाखवली आणि वर म्हणाला, "ही तर तुझ्यासाठीच काढल्यासारखी हाय."

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. हे मी अभिमानानं सांगते, आणि का सांगू नये? पदवीदान झालं त्या दिवशी वडिलांनी तो कागद दोन्ही हातांत धरून गल्लीतल्या प्रत्येक घरी नेला होता. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण कोणी उलटा धरला की लगेच सरळ करून देत. तेव्हा शिक्षणाचा रकाना भरायला मला काही अडचण नव्हती. अडले ते त्याच्या खालच्या रकान्यात.

अनुभव.

मंचरच्या बाजारपेठेत बी-बियाणं, खतं आणि औषधांच्या दुकानात मी सहा वर्षं काम करत होते. औषधं म्हणजे पिकावर फवारायची. आमच्याकडं त्यांना विष कोणी म्हणत नाही. दुकान एका जैन शेठचं. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले. शेठचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. खाली दुकान, वर घर. औषधविक्रीच्या परवान्यासाठी विज्ञानाची पदवी असलेलं माणूस दाखवावं लागतं, म्हणून त्यांनी मला घेतलं. माझ्या पदवीची झेरॉक्स परवान्याच्या फाईलला लागली. म्हणजे नोकरीला होती माझी पदवी. मी नुसती दुकानात असायचे. गावात कोणी विचारलं तर सासूबाई तेच सांगायच्या, "ती दुकानात असती." पगार हातावर मिळायचा, पण नेमणुकीचं पत्र नाही, हुद्दा नाही. पहिल्याच दिवशी शेठ म्हणाले होते, "बेटा, तू घरची." तेव्हा ते ऐकून मला भरून आलं होतं.

आता मोबाईलमधला तयार नमुना विचारत होता, हुद्दा काय?

"सेल्स गर्ल लिही की," नवरा म्हणाला.

"मी काय साड्या विकते?"

"मग मॅनेजर लिही."

"मॅनेजर तर शेठ पण नाहीत."

"मग लिही, मालकीण. तशी बी घरात तूच हायस."

मी मोबाईल बंद करून ठेवला. सासर निरगुडसर, तिथून मंचरपर्यंत रोज स्कूटीवर जाताना तेच डोक्यात. मी तिथं नक्की करते तरी काय?

करत होते ते एका तासात करत होते. जैन माणूस सूर्य मावळायच्या आत जेवतो. शेठ तर इतके कडक की त्यानंतर पाण्याचा घोटसुद्धा नाही. त्यामुळं रोज ऊन कलायला लागलं की ते पायऱ्या चढून वर जायचे आणि तासाभरानं खाली यायचे. नेमका तोच वेळ शेतकऱ्यांचा. रानातून सुटून, हातपाय धुऊन माणसं बाजारात येतात ती त्याच वेळी. सुरुवातीला मला एकटीला बघून परत फिरायची. "शेठ न्हाईत व्हय? मंग येतो उंद्या." मग एकजण थांबला, मग दोघं, आणि मग असं व्हायला लागलं की शेठ गल्ल्यावर असताना माणसं समोरच्या टपरीवर चहा पीत बसायची आणि ते वर गेले की उठून यायची.

"ताई, टमाट्याची पानं वळाय लागली. एक नंबरचं औषध द्या."

"पान कुठंय?"

"फोटू हाय ना मोबाईलमधी."

"फोटोत मुळी दिसत नाही. उद्या रोप आणा, बुडासकट."

"आता रोप उपटू व्हय? लई कडक बाई हाय राव!"

मागं खताच्या गोणीवर बसलेला दुसरा म्हणायचा, "उपट, उपट. मला मागच्या खेपेला नुसतं पाणी तोडाय सांगितलं तिनं. औषध दिलंच न्हाई, आन् पीक सुधारलं. शेठ वर जेवत्यात म्हणून बरंय, न्हाईतर त्यांच्या घशात घास अडकला आसता."

या तासाला रेझ्युमेत काय म्हणायचं, ते मला सुचत नव्हतं.

आणि एक गोष्ट तर कुठल्याच रकान्यात बसणारी नव्हती. तिसऱ्या वर्षी कळंबच्या एका शेतकऱ्याच्या काकडीवर भुरी आली होती. पानावर पीठ सांडल्यासारखी बुरशी. त्याच तासात आला होता तो. मी गंधकाचं औषध सांगितलं. भुरीला ते बरोबर, पण ऐन उन्हाळ्यात काकडीला ते सोसत नाही. ऊन किती तापतंय, फवारणी कधी करणार, हे मी विचारलंच नाही. चार दिवसांनी तो करपलेल्या पानांचं पोतं घेऊन आला आणि काउंटरवर ओतलं.

"ही तुमची डिग्री! बघा!"

शेठ तेव्हा दुकानात होते. गल्ल्यावरून उठले आणि माझ्या पुढं येऊन उभे राहिले. म्हणाले, "तिनं सांगितलं म्हणजे मी सांगितलं. काय बोलायचं ते मला बोला. तिचं नाव मधे नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी त्याच्या रानात गेले. चूक माझी होती, असं त्याच्या तोंडावर सांगितलं. कोवळे शेंडे वाचले होते. ते कसे धरायचे, पाणी कसं द्यायचं, ते वाफ्यात उभं राहून दाखवलं. त्यानं एक शेंडा बोटांत धरून बघितला. मग बायकोला हाक मारली, "च्या टाक. मॅडम आल्यात, भांडाय न्हाई आल्या." पुढंही तो माझ्याकडंच येत राहिला.

त्या वेळी शेठचे उपकार वाटले होते. रेझ्युमे लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा त्याची दुसरी बाजू दिसली. चूक झाली तेव्हा माझं नाव त्यांनी मधे येऊ दिलं नाही. पण चांगलं झालं तेव्हाही ते आलं नव्हतं. सहा वर्षांत माझं नाव कुठंच आलं नव्हतं.

जैनांच्या पर्युषणाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडं अनुभवाचं पत्र मागितलं.

"पत्र? कशाला? कुठं चाललीस?"

मी सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, परत उघडली.

"घरच्या माणसाला कोणी असलं पत्र देतं का, बेटा? माझ्या मुलानं मागितलंय कधी?"

"तुमच्या मुलाचं नाव बोर्डावर आहे शेठ. अँड सन्स. माझं कुठं आहे?"

त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "पर्युषण होऊ दे. मग बघू."

'मग बघू'चा अर्थ मंचरच्या बाजारात सगळ्यांना माहीत आहे.

घरी नवऱ्यानं सोपा मार्ग सांगितला. "पत्र आपणच टाईप करू. शिक्का तर तुझ्याच हाताखाली आसतो. ते वर जेवाय गेलं की मार एक. खोटं थोडंच लिवणार हायस?"

पर्युषणाचे आठ दिवस शेठ औषधांच्या कपाटाला हात लावत नाहीत. किडे मारायचं औषध त्या दिवसांत विकायचंही नाही, शिवायचंही नाही, असा त्यांचा नेम. दुकान बंद ठेवावं तर शेतकऱ्याचं पीक थांबत नाही. म्हणून त्या आठ दिवसांत कपाटाची किल्ली माझ्याकडं. ते निम्मा वेळ जैन स्थानकात प्रवचनाला असत, दुकान जवळजवळ माझ्यावरच. त्यात तिसऱ्या दिवशी मी टाईप केलेलं पत्र घेऊन गेले. संध्याकाळी ड्रॉवर उघडला. शिक्का काढला, पॅडवर दाबला. पत्रातला शब्दन् शब्द खरा होता. तरी हात खाली येईना. ज्या तासात मी हे सगळं मिळवलं, त्याच तासात त्यांच्या पाठीमागं शिक्का मारून ते घ्यायचं? मी शिक्का पुसला आणि परत ठेवला. अंगठ्याला लागलेली जांभळी शाई घरी जाईपर्यंत गेली नाही.

संवत्सरी म्हणजे पर्युषणाचा शेवटचा, उपासाचा दिवस. तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ पारणं करून खाली आले. ही त्यांची दर वर्षाची रीत. दुकानातल्या प्रत्येकासमोर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचं. वर्षभरात जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर माफी. हमालालाही म्हणायचे, मलाही. मी दर वर्षी, "अहो शेठ, हे काय भलतंच," म्हणून हसून मोकळी व्हायचे.

या वर्षी ते समोर आले, हात जोडले, बोलले. माझ्या तोंडून निघून गेलं, "कशाबद्दल, शेठ?"

आगाऊपणा होता, कळत होतं. पण मला खरंच विचारायचं होतं. ते हात जोडूनच तसे उभे राहिले. मग गल्ल्यावर जाऊन बसले. दिवसभर आम्ही कामापुरतं बोललो.

ऊन कललं. ते उठतील म्हणून मी गल्ल्याकडं सरकले. ते उठले नाहीत. ड्रॉवरमधून दुकानाचं लेटरहेड काढलं, चष्मा लावला आणि लिहायला लागले. जिन्यावरून त्यांच्या मंडळींची हाक आली, "अहो, पान वाढलंय!"

"येतो."

थोड्या वेळानं परत, "सूर्य चाललाय, ऐकलं का?"

"लिहितोय मी."

त्यांचं अक्षर सावकाश. एकेक ओळ लिहून वाचायची, मग पुढची. शेतकरी आले, मी एकीकडं त्यांना सांगत होते आणि दुसरीकडं समोरच्या दुकानांच्या पत्र्यांवरचं ऊन बघत होते. ते वर वर सरकत गेलं आणि शेवटच्या पत्र्यावरून उतरलं. वरून तिसरी हाक आली नाही.

"शेठ, जेवण राहिलं तुमचं."

"राहू दे. आता सकाळीच." शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली आणि कागद माझ्याकडं सरकवला. "वाच. चुकलं असेल तर सांग."

पत्र मराठीत होतं. माझं पूर्ण नाव, सासरचं आणि माहेरचं. पुढं लिहिलं होतं, 'आमच्या गैरहजेरीत रोज सायंकाळी एक तास पिकांचा सल्ला या एकट्या पाहत. त्या तासाला गिऱ्हाईक जास्त येत असे हे आम्हांस ठाऊक होते. गरज नसेल तर औषध न देता शेतकऱ्यास परत पाठवत, हेही ठाऊक होते.' आणि सर्वांत खाली : 'एकदा काकडीच्या पिकास चुकीचा सल्ला गेला. दुसऱ्या दिवशी स्वतः शेतात जाऊन यांनी ती चूक कबूल केली. आम्ही गेलो नाही.'

शेवटचे तीन शब्द मी दोनदा वाचले.

"शेठ, काकडीचं कोणी लिहीत नाही असल्या पत्रात."

"मग वरच्या मजकुरावर विश्वास कोण ठेवील?"

मी कागदाची घडी घातली. आणि भलतंच विचारलं, "परवान्याला आता कुणाची डिग्री लावणार?"

"सून बीएस्सी आहे माझी." चष्म्याची काडी मिटत ते पहिल्यांदा हसले. "पण घरची म्हणून बसवायची की पत्र देऊन, ते आता तिलाच विचारावं लागेल."

त्या आठवड्यात मी रेझ्युमे नव्यानं लिहिला. हुद्द्याच्या जागी लिहिलं, 'पीक सल्ला, सहा वर्षे'. पोहणं काढून टाकलं. पत्ता निरगुडसरचाच ठेवला. सरांनी शिकवलं होतं की जवळच्या मोठ्या गावाचं नाव टाकावं, म्हणजे बरं दिसतं. मला निरगुडसर बरंच दिसतं.

मुलाखतीला नर्सरीचे मोठे साहेब होते. माझा दोन पानांचा रेझ्युमे त्यांनी बघून बाजूला ठेवला आणि शेठचं पत्र दोन्ही हातांत धरून वाचलं.

"हे काकडीचं काय आहे?"

मी सांगितलं. पोत्यापासून चहापर्यंत सगळं, काही न झाकता.

"आता काय करता मग?"

"आधी ऊन विचारते. मग पीक."

नर्सरीत रुजू होऊन आता काही महिने झाले. इथं सल्ला तोंडी देत नाहीत. चिठ्ठी लिहावी लागते, दोन प्रतींत, आणि खाली सल्ला देणाऱ्याचं पूर्ण नाव आणि सही. पहिल्या दिवशी पहिली चिठ्ठी मिरचीची होती. सही करताना पेन जरा थांबलं. आता काही चुकलं तर पोतं घेऊन येणारा माणूस थेट माझंच नाव घेऊन येईल, आणि पुढं येऊन उभं राहायला कोणी नसेल.

येऊ दे. मी चिठ्ठी वहीतून फाडून मिरचीवाल्या शेतकऱ्याच्या हातात दिली.