मुल्जिम परशुराम, साकीन आश्रम

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं ते गयाआत्याच्या पायांमुळे झालं, आणि जो काही घोटाळा झाला तो माझ्या हातामुळे.

गयाआत्या म्हणजे वडलांची थोरली बहीण. आमचं घर पिंपळगाव रेणुकाईचं. घरात नांगर सगळ्यांनी धरला, लेखणी कोणी धरली नव्हती. मी भोकरदनला शाळेत होतो तेव्हा आत्या माझ्यासाठी पायी भाकऱ्या घेऊन यायची आणि पायीच परत जायची. पुढे मी हैदराबादेहून बी.ए. होऊन आलो आणि अंबडच्या तहसील कचेरीत कारकून म्हणून लागलो. तेव्हा कुठे मला कळलं, की आत्याने माझ्या नावाने रेणुकादेवीला नवस बोलून ठेवलाय!

“किसन्या, तू बी.ए. झालास की बावन्न शुक्रवार देवीपुढं प्रवचन सांगशील, असं मी बोलले व्हते.”

“आत्या, मला इचारायचं तरी!”

“तुला काय इचारायचं? नवस माझा अन् देवीचा. तुझं बावन्न पुरं व्हईस्तोर मी पायात वहाणा घालणार न्हाई. अन् एक जरी खाडा पडला, तर मंग पुन्हा एकपासून!”

आमच्या शिवारात मातीपेक्षा बाभळीचे काटे जास्त. म्हणजे मी अंबडच्या देवळात एक शुक्रवार चुकलो, की तिकडे पिंपळगावात आत्याचे पाय आणखी वर्षभर काट्यांत. (खोटंच कळवलं असतं तर? देवीने माफ केलं असतं, आत्याने नाही.)

तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात शुक्रवारी सरकारी सुट्टी असायची, ती एक सोय झाली. पण प्रवचन तयार कधी करायचं? इतर दिवस कचेरीत. तेव्हा मी युक्ती काढली. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चालायचा. प्रवचन मराठीतच, पण उर्दू लिपीत लिहायचं, आणि तेही सरकारी कागदावर, रिपोर्टासारखं वर मथळा घालून! लांबून पाहणाऱ्याला वाटावं, की हा मुलगा कामात बुडालाय. तहसीलदारांपुढे कागद ठेवणारे पेशकार व्यंकटराव तर इतरांना सांगायचे, “किसनरावाकडून शिका जरा. मान वर करून न्हाई राह्यला!”

पण हळूहळू हात बिघडला. दिवसभर रिपोर्ट लिहिणाऱ्या हाताला दुसरं काही लिहिताच येईना. प्रल्हादाच्या गोष्टीत मी खांबाचा पंचनामा केला. ध्रुवाच्या गोष्टीत सावत्र आईचा जबाब घेतला. ऐकायला पाचजण असायचे, त्यातले दोघे झोपायला यायचे, त्यामुळे तक्रार कोणाची नव्हती.

असे एक्कावन्न शुक्रवार झाले. बावन्नाव्याला मी रेणुकामातेचीच कथा घेतली. बापाच्या हुकमाने परशुराम आईचं शिर उडवतो, आणि मग वर मागून तिला जिवंत करतो. गुरुवारी दुपारी टेबलावर बसून झोकात सुरुवात केली: “मयत: मुसम्मात रेणुका. मुल्जिम: परशुराम वल्द जमदग्नी, साकीन आश्रम. हत्यार: परशू. कत्ल बापाच्या हुकमाने.” (मुल्जिम म्हणजे आरोपी, वल्द म्हणजे मुलगा, साकीन म्हणजे राहणार.) शेवटचं वाक्य लिहून मी पाणी प्यायला उठलो. तेवढ्यात व्यंकटरावांनी माझ्या टेबलावरचे सगळे कागद उचलले आणि सहीसाठी आत नेले.

मी परत आलो तर टेबल साफ! आणि व्यंकटराव पळत बाहेर.

“किसनराव! तालुक्यात खून झाला अन् तुम्ही पाणी पिऊन राह्यले?”

तहसीलदारसाहेब हैदराबादेहून नुकतेच बदलून आले होते. त्यांना मराठी जेमतेम यायचं. माझ्या कागदातलं त्यांना नेमकं तेवढंच समजलं होतं: मयत, मुल्जिम, हत्यार आणि कत्ल! (म्हणजे सगळंच.)

“ये कब का मामला है?” साहेब गरजले.

“साहेब, त्रेतायुगातला.”

“वो कौनसा गाँव है? मुल्जिम गिरफ्तार हुआ?”

“न्हाई साहेब.”

“जिंदा है?”

“चिरंजीव आहे, साहेब. कायमचा जिंदा. महेंद्र पर्वतावर असतो म्हणतात.”

“फरार!” साहेबांनी मेजावर हात आपटला. “पेशकार, महेंद्र किस तालुके में है?”

व्यंकटराव घामाघूम. “आपल्यात न्हाई साहेब. भोकरदनकडं असंल.”

“और मरनेवाली की लाश?”

“ती जिवंत झाली, साहेब.”

साहेब उठून उभेच राहिले. “तो फिर खून कैसा!”

मग मला सगळं सांगावं लागलं. ऐकता ऐकता साहेब लाल झाले. “सरकारी कागज! सरकारी वक्त! कल की छुट्टी बंद, दिनभर यहीं बैठोगे!”

माझ्या डोळ्यांसमोर नोकरी आली नाही, आत्याचे पाय आले. टाचांना भेगा, भेगांत माती. तोंडातून निघून गेलं, “साहेब, जी सजा द्यायची ती परवापासून द्या. उद्या खाडा पडला तर आत्याला पुन्हा वर्षभर अनवाणी चालावं लागेल.” आणि नवसाचीही हकिकत सांगितली.

साहेब पुन्हा खुर्चीत बसले.

“कितने जुम्मे हुए?”

“एक्कावन्न.”

त्यांनी माझा कागद खणात टाकला. “कागज जब्त. जाओ.”

सुट्टी वाचली, पण प्रवचन गेलं! रात्री पुन्हा लिहायला बसलो, पण मथळ्याच्या पुढे हात सरकेना. कागदाशिवाय मी आजवर एक वाक्य बोललो नव्हतो. शुक्रवारी संध्याकाळी देवळात उभा राहिलो. “परशुराम,” मी म्हणालो. मग घसा साफ केला. “तर, परशुराम.” झोपणाऱ्या दोघांपैकी एकजण चक्क जागा झाला. “लेकरा, त्याचं पुढं काय झालं?”

एवढ्यात बाहेर गलबला. पाहतो तर साहेब! मागे व्यंकटराव, सगळे कारकून, चपराशी, आणि साहेब देवळाकडे का निघाले ते पाहायला लोटलेलं अर्धं अंबड. पटांगणातल्या लिंबाखाली साहेबांची खुर्ची मांडली. त्यांनी खिशातून माझा कागद काढून चपराशाहाती पाठवला. “पढो! हम भी सुनेंगे.”

मी वाचत सुटलो. पंचनामा, जबाब, हत्यार, सगळं! लोक हसले, आई जिवंत झाली तेव्हा बायांनी डोळे पुसले. मी इतक्या रंगात आलो, की कथा संपल्यावर खाली लाल शाईत साहेबांचा शेरा होता तोही त्याच दमात वाचून टाकला: “मुल्जिम बरी. बाप से जवाब तलब किया जाए. फुफी को चप्पल की इजाजत!”

म्हणजे परशुराम निर्दोष, जाब बापाला, आणि आत्याला वहाणा! मग मागून एक म्हातारी ओरडली, “बराबर हाय! त्या बापालाच इचारा!” आणि सगळं पटांगण एका आवाजात गरजलं, “रेणुकामाता की जय!” व्यंकटराव तर कमरेत वाकून साहेबांना, मग देवीला, आणि घाईत मलाही मुजरा करून मोकळे झाले.

त्याच रात्री आत्याला पत्र लिहिलं. शाळेतले गुरुजी तिला वाचून दाखवायचे, म्हणून या खेपेला साधं, मायेचं लिहायचं ठरवलं होतं. हाताने ऐकलं नाही, ‘सेवेशी’ म्हणायचं तिथे ‘बखिदमत’ लिहून तो सुरू झाला:

“बखिदमत गयाबाई आत्या, साकीन पिंपळगाव रेणुकाई. अर्ज ऐसा की, बावन्न शुक्रवार पूर्ण झाले, खाडा नाही. सोबत वहाणांचा एक जोड रवाना केला आहे, तो पायात घालून तामील कळवावी. तहसीलदारसाहेबांचा तसा हुकूम आहे, तेव्हा हयगय चालणार नाही.

आत्या, बी.ए. झालो पण मला एवढंच लिहिता येतं. बाकीचं तू समजून घे. आजवर घेतलंसच.

तुझा, किसन्या

ता. क. माझ्या बढतीसाठी आता दुसरा नवस बोलू नको. बोलून बसलीच असशील, तर या वेळी प्रवचन तू सांग, अनवाणी मी हिंडतो. सगळ्यांनाच बरं पडेल.”