फॉर्म सोळा आला का, ताई?

लोकांच्या घरी लोणच्याच्या बरण्या साठतात, माझ्याकडे इन्कम टॅक्सचे किस्से साठतात. मी स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खात्यात, क्लार्क. काही वर्षांपूर्वी एजंटचे पैसे वाचवायला स्वतःचं रिटर्न स्वतः भरलं आणि तसं सेक्शनमध्ये सांगून बसले. तेव्हापासून जून लागला की सेक्टर 2 मधल्या माझ्या क्वार्टरातलं डायनिंग टेबल माझं राहत नाही. लोक चहा पिऊन निर्धास्त घरी जातात आणि धास्ती माझ्या टेबलावर ठेवून जातात. आकडा चुकला तर नोटीस त्यांना, पण तोंड मला दाखवावं लागणार!

यंदा ती धास्ती जरा मोठीच होती. कारण वानखेडेभाऊ. भाऊ आमच्या वजनकाट्यावर असतात. त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, बोरसीत एक लहानसं घर पसंत केलं होतं. बयाणा दिला आणि दिवाळीनंतर वहिनी गेल्या. भाऊंनी ठरवलं, घर घ्यायचं तर तेच. बँक म्हणाली, या वर्षीचं रिटर्न आणा, मग लोन. घर विकणारा म्हणाला, जुलै संपेपर्यंत रिटर्नची वाट पाहतो, मग दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आणि रिटर्नसाठी हवा फॉर्म सोळा. वर्षभराचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा हा कागद अकाउंट्समधून येतो. कधी येतो, ते मात्र विचारायचं नाही.

* * *

भाऊ रोज ड्यूटी सुटली की अकाउंट्सच्या दारात जाऊन उभे राहत. आतला बाबू तिथूनच मान हलवून ‘नाही’ म्हणे. भाऊ परत. महिनाभर दोघांत एका शब्दाचं बोलणं झालं नाही.

एका सकाळी सायकल स्टँडवर बाबू समोरून आला आणि त्यानं मान वरून खाली हलवली. भाऊ तसेच मिठाईच्या दुकानात गेले. अख्ख्या सेक्शनला पेढे वाटून माझ्या टेबलाशी आले. “ताई, आला.”

मी कॉम्प्युटर उघडला. काहीही आलेलं नव्हतं. बाबूला फोन केला तर तो गोंधळला. “मैं तो नमस्ते कर रहा था, मॅडम.”

आमच्या रामटेकेनं तोवर दोन पेढे संपवले होते. तो म्हणाला, “काही हरकत नाही भाऊ. खरा आला का मंग पुन्हा आना.”

* * *

या रामटेकेला अफवा सर्वांत आधी कळतात. एकदा सकाळी सहाला त्याचा फोन. “ताई, रेल मिलवाल्यांचा आला म्हणे. आपला कावून नाही आला? आपुन का पाप केलं?”

माझी झोप उडाली. प्लांटच्याच रेल मिलमध्ये, रूळ बनतात तिथे, माझी मैत्रीण आहे. भीतभीत तिला फोन लावला, तर तीच माझ्यावर चिडलेली. “बरं झालं केला. आमचे लोक माहा जीव खाऊन राहिले, का तुमच्या सेक्शनचा आला म्हणून.”

* * *

रामटेकेचाच दुसरा किस्सा. तो इन्कम टॅक्सच्या साइटचा पासवर्ड सेफ्टी हेल्मेटच्या आत लिहून ठेवतो. “चोवीस घंटे डोक्यावरच असते ना, ताई.” युक्ती वाईट नव्हती. पण सेफ्टी वीकमध्ये सगळ्यांना नवी हेल्मेटं मिळाली आणि जुनी स्टोअरमध्ये जमा झाली.

फॉर्म अखेर आला, तेव्हा रामटेके स्टोअरमध्ये घामट हेल्मेटांच्या ढिगाऱ्यात बसला होता. अर्धा दिवस गेला. मी टेबलावर नखं खात होते, कारण पासवर्ड चुकून चुकून अकाउंट बंद पडेल अशी मला धास्ती. शेवटी त्याचा फोन आला, “सापडलं!”

“वाच लवकर.”

 तो म्हणाला, “लिवलं आहे, ‘पासवर्ड ताईले मालूम.’”

* * *

निखिल आमच्यातला पोरगेला ऑपरेटर. घरी मराठी, बाहेर हिंदी. त्याचं रिटर्न मी सर्वांत आधी भरलं, आणि एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज पार बसलेला. “ताई, इन्कम टॅक्स से मेल आया है. इंटिमेशन लिखा है. खोलू का नको?”

“उघडू नको,” मी म्हणाले. खरं सांगते, मीच घाबरले होते. “संध्याकाळी घेऊन ये. बघू.”

तासाभरात त्याची आई माझ्या दारात. हातात तांदळाचा डबा. “ताई, गावचे तांदूळ हायत. दोन दिवस तुमच्याकडे ठेवा. पर उघडू नका.”

डबा मी उचलला, आत बांगड्या किणकिणल्या आणि मला सगळं कळलं: धाड पडेल म्हणून सोनं माझ्याकडे! ती गेल्यावर मी दाराला आतून कडी लावली आणि सोफ्यावर डबा मांडीवर घेऊन बसले. बेल वाजली तरी उठले नाही.

संध्याकाळी मेल उघडला. रिटर्न बरोबर आहे, काही देणं नाही, एवढंच त्यात होतं. तांदूळ न्यायला मग निखिलची आई, तिची बहीण आणि भावजय अशा तिघी आल्या. ऑटो करून!

* * *

आणि वानखेडेभाऊ. शेवटच्या तारखेला अर्धी रजा टाकून ते दुपारी माझ्याकडे आले. साइट इतकी हळू चालत होती की पान उघडलं की मी देवाचं नाव घ्यायची. तरी एकदाचं सगळं भरून झालं. उरला फक्त ओटीपी. तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो.

“नंबर कोणाचा हाय हा, भाऊ?”

“प्रशांतचा.”

प्रशांत म्हणजे त्यांचा मुलगा. प्लांटचं ट्रेनिंग अर्धवट सोडून तो बंगलोरला गेला, तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद. दरवर्षी ओटीपी वहिनीच फोनवर कुणालातरी विचारून मला सांगायच्या; कुणाला, ते मला आज कळलं. वहिनींच्या तेरवीला दोघं एका पंगतीत बसले आणि न बोलता उठले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

भाऊंनी फोन माझ्यापुढे सरकवला. “तुमीच लावा ना.” मी हात पुढे केला, तेवढ्यात त्यांनी तो परत ओढला. “राहू द्या. मीच लावतो.” स्पीकर चालू केला.

“हॅलो. बाबा?”

“ओटीपी आला असन. सांग.”

पलीकडून प्रशांतनं आकडे वाचले. “चार, सात, दोन, दोन, नऊ, एक.”

मला स्वच्छ ऐकू आलं होतं, बोटं कीबोर्डवरच होती. तरी भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, “लिवा ताई. चार, सात, दोन, नऊ, दोन, एक.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते फोनकडे पाहत होते. माझ्या डोळ्यांपुढे बँक आली, बोरसीचं घर आलं, केव्हाही बंद पडणारी साइट आली.  मग मी त्यांनी सांगितले तेच आकडे टाकले. स्क्रीनवर लाल अक्षरं आली.

“चुकला म्हनते,” भाऊ फोनमध्ये म्हणाले. “आता दुसरा येईन. तोवर फोन ठेवू नको. जेवला का तू?”