मोहिनीला काही त्रासच नाही

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाईप केलं, दोनदा उडवलं. मोहिनीवहिनी आमच्याच गल्लीत राहते, उद्या भाजीवाल्यापाशी समोर आली तर काय तोंड दाखवू? शेवटी तिलाच जाऊन विचारलं. ती म्हणाली, "लिही ना, फक्त फोटो टाकू नको, तोंडाला पीठ लागलंय." म्हणून लिहितेय, आणि एका दमात लिहितेय, थांबले तर परत उडवेन.

सातपूरला कंपन्यांच्या मागे आमची कॉलनी आहे. तिथं होळीच्या आसपास सुमनबाईंचं घर लांबूनच ओळखू येतं, कारण त्यांची अख्खी गच्ची पांढरी झालेली असते. कुरडया! सुमनबाई म्हणजे मोहिनीची सासू. मूळच्या चांदवडकडच्या, हाताला अशी चव की लग्नाच्या रुखवतासाठी लोक त्यांच्याकडेच येतात. आता कुरडई म्हणजे खेळ नाही हं. गहू भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, गाळा, मग तळाशी जो दाट पांढरा चीक बसतो तो उकळत्या पाण्यात सोडून लाकडी चाटूने हाटत राहायचं. हात थांबला की गाठी झाल्याच. खांदा भरून येतो अगदी.

आणि सुमनबाईंचा एक नियम. जिला पाळी आलीये तिने चिकाच्या पातेल्याजवळ फिरकायचं नाही. चीक नासतो, कुरडई लाल पडते, असं त्यांच्या सासूने त्यांना सांगितलेलं. मदतीला येणाऱ्या बायका आळीपाळीने जिन्यात जाऊन बसायच्या. शेजारच्या तानुबाई तर बसल्या बसल्या हुकूम सोडायच्या, "अगं हलव, हलव, झोपली का काय!"

मोहिनी मात्र कधीच जिन्यात बसली नाही.

लग्न होऊन आली तेव्हापासून तिला पाळी वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. सुमनबाईंना आधी नवल वाटलं आणि मग अभिमानच वाटायला लागला. सगळ्यांना सांगायच्या, "माझी सून लय गुणाची, तिला कसला तरासच नाय." झालं, चाटू मोहिनीच्या हातात आला तो आलाच. मोहिनीलाही ते आवडायचं, खरंच आवडायचं. माहेरी तिला सगळे 'जाडे' म्हणून हाक मारायचे, शाळेच्या फोटोत मागच्या रांगेत उभं करायचे. इथं मात्र तिच्याशिवाय पातेलं शेगडीवर चढत नव्हतं.

बाकी बारीकसारीक होतंच. मानेवर काळा पट्टा होता, सुमनबाई प्रेमाने बेसन आणि दही द्यायच्या, "घास, मळ निघंल." वजन वाढत होतं, त्याला सगळे म्हणायचे लग्न मानवलं. हनुवटीवर राठ केस यायचे, त्याला कुणीतरी उष्णता म्हणालं. ते केस मोहिनी रोज सकाळी बाथरूमच्या आरशात प्लकरने काढायची, दाराला कडी लावून. एकदा नवऱ्याने, किशोरने, दार वाजवलं. त्याची पहिली शिफ्ट होती, उशीर होत होता. तिने दार उघडलं तर डोळे भरलेले, हातात प्लकर. तो गडबडला. मग खिशातून मोबाईल काढला, टॉर्च लावला, तिच्या हनुवटीखाली धरला आणि म्हणाला, "डावीकडे एक राहिलाय." ती रडता रडता हसली. त्या दिवशी त्याची बस चुकली.

पण हे सगळं मिळून एकच काहीतरी असेल, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मान वेगळी, केस वेगळे, पाळी तर देवाची कृपा.

मग डिसेंबरात सुमनबाईंची शुगर तपासायला दोघी दवाखान्यात गेल्या. मोहिनी नुसती पिशवी धरून बाजूला उभी. डॉक्टर मॅडमनी सासूचा रिपोर्ट वाचला, गोळ्या लिहिल्या, आणि लिहिता लिहिता त्यांचं लक्ष मोहिनीच्या मानेकडे गेलं.

"तुमची पाळी नियमित येते का?"

मोहिनीने तोंड उघडायच्या आधीच सुमनबाई म्हणाल्या, "नाय हो मॅडम, आमच्या सुनेला त्यो तरासच नाय! वर्षातनं दोन-तीनदा, बस. माझ्या सगळ्या कुरडया तिच्याच हातच्या."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मावशी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे चांगलं नाहीये."

मग तपासण्या झाल्या. दिवस गेलेले नाहीत ना ते आधी बघितलं, मग थायरॉईड, शुगर, हार्मोन, सोनोग्राफी. दोघी परत गेल्या तेव्हा मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. याला पीसीओएस म्हणतात. दर महिन्याला अंडाशयातून बीज तयार होऊन बाहेर पडायला हवं, मोहिनीचं अर्ध्यावरच थांबतं. सोनोग्राफीत दिसतात त्या बारक्या गाठी म्हणजे ती थांबलेली बीजंच, कॅन्सर नाही, घाबरायचं नाही. मान काळी पडली ती मळाने नाही, शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही म्हणून, पुढे शुगर व्हायची भीती असते. हनुवटीवरचे केस पण हार्मोन्समुळेच.

"आणि पाळी येत नाही म्हणजे त्रास वाचला असं नसतं, मावशी. गर्भाशयाच्या आतला थर साचत जातो. वर्षानुवर्षं साचू दिला तर तो धोका असतो."

सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. "मंग लेकरू?"

"होऊ शकतं. पुष्कळ जणींना होतं. आधी हिची तब्येत." मॅडम मोहिनीकडे वळल्या. "हे एकदा औषध घेऊन कायमचं जाणारं दुखणं नाही, पण आटोक्यात राहतं. रोज भरभर चालायचं, गोड आणि मैदा कमी, वेळेवर झोप, आणि या गोळ्या. गोळ्या मनाने थांबवायच्या नाहीत. केस कमी व्हायला बरेच महिने लागतील, धीर सोडू नका."

किशोरने चालायचं मनावर घेतलं. शिफ्ट संपली की तो तिला अंगठ्याने दाराकडे खुणावायचा आणि दोघं कंपन्यांच्या रस्त्याने चालायला जायचे. गोळ्या सुरू झाल्या, पाळी आली. आणि नेमकी हंगामाच्या तोंडावर आली. मोहिनी पहिल्यांदा जिन्यात जाऊन बसली. वर सुमनबाई सुजलेल्या बोटांनी चाटू ओढत होत्या, चिकात गाठी झाल्या म्हणून बायका ओरडत होत्या, आणि ते सगळं तिला खाली ऐकू येत होतं. तिला इतकं परकं वाटलं की काय सांगू! जणू घरातली जागाच गेली.

त्या संध्याकाळी सुमनबाई म्हणाल्या, "पोरी, एवढा हंगाम गोळ्या राहू देतीस का? मार्गी लागलं की घे परत."

आणि मोहिनी काय म्हणाली माहितीये? "मी तेच म्हणणार होते आई."

बघा ना, दोघींचं एकमेकींवर प्रेमच होतं. प्रेमानेच केलं हे.

मार्च गेला, एप्रिल गेला. पाळी नाही. मेमध्ये एका भर दुपारी, पातेलं रटरटत असताना, मोहिनीच्या हातातला चाटू थांबला. सुमनबाई ओरडणार तेवढ्यात त्यांचं लक्ष तिच्या साडीकडे गेलं. रक्त थांबतच नव्हतं. पोरीचा चेहरा चिकासारखा पांढरा. तरी ती पातेल्यापासून मागे सरकत म्हणत होती, "आई, मी शिवले त्याला... आई, सगळा चीक..."

"मरू दे चीक!" सुमनबाईंनी शेगडीच बंद केली. अख्खं पातेलं तसंच गोळा होऊन गेलं, त्यांनी वळून पाहिलं नाही. सुनेला कवेत धरून जिना उतरवला, तानुबाईंनी रिक्षा थांबवली.

दवाखान्यात सलाईन, इंजेक्शन. थोडं थांबलं तशा मॅडम चिडून म्हणाल्या, "गोळ्या कुणी थांबवल्या?"

"मीच विसरले," मोहिनी म्हणाली.

"खोटं बोलती ती." सुमनबाई कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या. "म्या सांगितलं. माझ्या कुरड्यांसाठी."

सुमनबाईंनी सुनेचे तळपाय हातात घेतले आणि चोळत बसल्या. गार पडले होते ते.

रक्त वाढवायच्या गोळ्या लागल्या, चालणं परत हळूहळू सुरू झालं. औषधाची वेळ झाली की सुमनबाई स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभ्या राहायच्या, गोळी गिळेपर्यंत. पाळी महिन्याला यायला लागली. वजन थोडंसं उतरलं, फार नाही. केस अजून येतात, जरा कमी.

आणि परवा, या वर्षीचा पहिला चीक चढला त्याच सकाळी मोहिनीला पाळी आली. ती सवयीने जिन्याकडे निघाली.

"दुखतंय का?" सुमनबाईंनी विचारलं.

"नाही, तसं काही नाही."

"दुखत असलं तर खाली जाऊन झोप. नुसतंच बसायचं असलं तर हिकडं ये." आणि त्यांनी चाटू पुढे केला.

तानुबाई उडाल्याच. "अगं बाई! आन् नासला म्हंजे?"

"नासला तर मी एकटी खाईन, दूध-साखर घालून."

"तुला साखर चालती का गं भवाने?"

"मंग तू खा!"

गच्चीवर सगळ्या हसत सुटल्या. मोहिनी मात्र हसली नाही. चाटू घेतला तरी ती पातेल्यापासून हातभर लांबच उभी राहिली. सुमनबाईंनी आपला हात तिच्या हातावर ठेवला, सुरुवातीचे चार वेढे दोघींनी मिळून हाटले, मग त्यांनी हात काढून घेतला आणि सोऱ्याला तेल लावायला बसल्या. कुरडया कशा झाल्या ते अजून माहीत नाही, वाळतायत वर.

आता तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्याही घरात अशी एखादी असेल बघा. चुलत बहीण, वहिनी, मावशीची पोरगी. जिच्याबद्दल सगळे म्हणतात हिचं बरंय बाई, कधीही बोलवा, हिला पाळीची अडचणच नसते. फोन नका करू, फोनवर ती 'ठीक आहे' म्हणेल. या रविवारी तिच्याकडे जा. तिच्याजवळ बसा, पाळी कधी आली होती ते हळूच विचारा, आणि ती बोलायला लागली की डॉक्टरकडे तिच्याबरोबर तुम्हीच जा. प्लीज, लवकर जा.